विश्लेषण : गुणफलक ५५०-०! मिशिगनच्या १९०१च्या हंगामाचे श्रेय एकट्या प्रशिक्षकाचे?

नवा प्रशिक्षक, पहिलाच हंगाम आणि ११ पैकी ११ विजय. केलेले गुण ५५०, दिलेले शून्य. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने १९०१ मध्ये केलेली ही कामगिरी ‘प्रशिक्षक बदला, संघ बदलेल’ या समजुतीचा ठळक दाखला मानली जाते. मात्र त्या हंगामापाठोपाठ पाच वर्षांत जे घडले ते पाहिले, तर हा दाखला वाटतो तितका सरळ नाही.

हा फुटबॉल कोणता?

आपल्याकडे पायाने खेळला जाणारा फुटबॉल हा नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचे, समोरच्याने अंगावर झेपावून पाडायचे, असा हा अमेरिकी खेळ. १९०१ मध्ये चेंडू पुढे फेकून देण्यास (फॉरवर्ड पास) मनाई होती. पाच यार्ड पुढे सरकण्यासाठी तीन प्रयत्न मिळत. ‘टचडाऊन’ला आजच्यासारखे सहा नव्हे, पाच गुण होते. त्यामुळे घोळक्याने धडका देत इंच इंच पुढे सरकणे हाच खेळाचा गाभा होता.

नवा प्रशिक्षक कोण होता?

फील्डिंग योस्ट. १८९७ पासून ओहायो वेस्लियन, नेब्रास्का, कॅन्सस आणि स्टॅनफर्ड अशा चार संस्थांत त्यांनी एकेक हंगाम काढला होता. प्रशिक्षक हा आपलाच माजी विद्यार्थी असावा, असे धोरण स्टॅनफर्डने स्वीकारल्याने योस्ट मोकळे झाले आणि मिशिगनने त्यांना बोलावले. आदल्या वर्षीचा मिशिगनचा संघ काही अगदीच दुबळा नव्हता. त्याने १० पैकी सात सामने जिंकले होते.

मग बदलले काय?

मुख्यतः वेग. एक चाल संपून खेळाडू उठतात न उठतात, तोच पुढच्या चालीचा इशारा दिला जाई. प्रतिस्पर्ध्यांना दम घ्यायला, पुन्हा रांग लावायला उसंत मिळत नसे. ‘हरी अप’ हे योस्ट यांचे टोपणनावच पडले. बफेलोविरुद्ध १२८-०, बेलॉइटविरुद्ध ८९-०, ओहायो स्टेटविरुद्ध २१-० असे निकाल लागले. १ जानेवारी १९०२ रोजी कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे पुढे ‘रोझ बाऊल’ म्हणून प्रसिद्ध झालेला पहिला सामना रंगला. समोर होता योस्ट यांचाच जुना संघ, स्टॅनफर्ड. गुणफलक ४९-० असताना आणि आठ मिनिटे शिल्लक असताना स्टॅनफर्डने खेळ थांबवण्याची विनंती केली. त्या सामन्यात पाच टचडाऊन करणारा नील स्नो १८९८ पासून मिशिगनकडूनच खेळत होता. म्हणजे हाती असलेल्या खेळाडूंकडून योस्ट यांनी अधिक चांगला खेळ करून घेतला, हे मान्यच करावे लागते.

तरीही प्रश्न का उरतो?

कारण त्या संघात स्नो होता, तसा विली हेस्टनही होता. हेस्टन कॅलिफोर्नियात सॅन होजे येथील शिक्षक प्रशिक्षण संस्थेकडून आधीच फुटबॉल खेळला होता. तेथे योस्ट यांनी त्याला हेरले आणि तो मिशिगनला आला. एकदा एका संस्थेकडून खेळलेला विद्यार्थी दुसरीकडे किती वर्षे खेळू शकतो, याचे आजच्यासारखे काटेकोर नियम नव्हते. स्वतः योस्टही याच ढिलाईचे लाभार्थी. १८९६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात कायद्याचे शिक्षण घेत असताना ते लाफायेट महाविद्यालयात दाखल झाले, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात जिंकून देणाऱ्या संघातून खेळले आणि लवकरच मूळ विद्यापीठात परतले. यात कोणाचा नियमभंग झाला असे म्हणता येत नाही, कारण मोडायला नियमच पुरेसे नव्हते. खरी अडचण तीच होती. एक बाजू विजयाकडे पूर्णवेळ धंद्यासारखी पाहत होती आणि समोर अनेकदा अभ्यास सांभाळून खेळणारी मुले होती. १२८-० या निकालात प्रशिक्षकाच्या कौशल्याइतकाच या विषमतेचाही वाटा आहे.

या शर्यतीची किंमत कोणी मोजली?

योस्ट यांचा संघ १९०५च्या अखेरच्या सामन्यापर्यंत ५६ लढतींत अपराजित राहिला आणि शिकागोकडून ०-२ असा हरला. त्याच वर्षी देशभरात फुटबॉल खेळताना १८ जणांचा मृत्यू झाल्याची मोजणी अमेरिकी वृत्तपत्रांनी छापली. हे मृत्यू योस्ट यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पण कोणत्याही किमतीवर विजय हवा, ही हवा सर्वत्र होती आणि ५५०-० सारख्या आकड्यांनी तिला बळच दिले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले. १९०६ मध्ये फॉरवर्ड पासला परवानगी मिळाली, तीन प्रयत्नांत दहा यार्डांची अट आली आणि ‘एनसीएए’ची पूर्वसुरी असलेली संघटना स्थापन झाली.

मिशिगनने काय केले?

सर्वांत बोलकी गोष्ट हीच. मिशिगनचेच अध्यक्ष जेम्स अँजेल यांनी १९०६च्या जानेवारीत मध्य-पश्चिमेतील विद्यापीठांची बैठक बोलावली. हंगामात पाचच सामने, खेळाडूला तीनच वर्षे, प्रशिक्षक हा विद्यापीठाचा नियमित कर्मचारी, असे निर्बंध तेथून आले. ते मिशिगनलाच मानवले नाहीत. १९०८ मध्ये विद्यापीठ त्या गटातून बाहेर पडले आणि १९१७ मध्ये परतले. अध्यक्षांनी ज्या सुधारणांसाठी पुढाकार घेतला, त्या त्यांच्याच विद्यापीठाला पेलल्या नाहीत. विजयाची सवय लागलेल्या संस्थेला स्वतःला आवर घालणे किती जड जाते, याचे हे उदाहरण आहे.

म्हणूनच १९०१च्या हंगामाचे मोल ठरवताना योस्ट यांच्या वेगवान डावपेचांना दाद द्यावी, पण तेवढ्यावर थांबू नये. नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्या वर्षाचा गुणफलक पाहताना खेळाडू कुठून आले, ते शिकतात किती, नियम कोण ठरवते आणि समोरचा संघ कोणत्या परिस्थितीत खेळतो, हेही विचारायला हवे. विद्यापीठाच्या नावाने मैदानात उतरणारा खेळाडू आधी विद्यार्थी असतो. अमेरिकेला हे नियमांत लिहून काढायला ५५०-० नंतर पाच वर्षे आणि अनेक तरुणांचे प्राण मोजावे लागले.