दोघांचेही बाण दहावर, मग सुवर्ण कुणाला?

सप्टेंबर 2023, मेक्सिको. तिरंदाजी विश्वचषकाच्या अंतिम लढतीत बुलढाण्याचा प्रथमेश जावकर आणि डेन्मार्कचा मथियास फुलर्टन 148-148 असे बरोबरीत होते. निर्णायक बाणावरही दोघांना 10 गुण. पण फुलर्टनचा बाण केंद्राच्या जास्त जवळ, म्हणून सुवर्ण त्याला. हा नियम तसा सरळ आहे.

पंचांचा कस लागतो तो भलत्याच प्रसंगी. बाण आधीच्या बाणाच्या शेपटीत घुसून अडकला तर? त्या बाणाचेच गुण मिळतात. लक्ष्यावर आदळून उसळला तर? जुन्या भोकांवर खुणा केलेल्या असतात. बिनखुणेचं भोक सापडलं की त्याचे गुण. बाण रेषेला नुसता टेकला तरी वरचे गुण. मतभेद झाल्यास पंचांचा निर्णय अंतिम. तोवर बाणालाच काय, लक्ष्याच्या कागदालाही कुणी हात लावायचा नाही. कागद जरा सरकला तरी रेषा सरकते.