किरणाची दुसरी खेप

वाचकहो, मकरसंक्रांतीच्या दिवशी बंगळूरच्या बसवनगुडी भागात जाण्याचा योग आला, तर दुपार उतरल्यावर जवळच्या गवीपुराकडे पावले वळवावीत. तेथे गंगाधरेश्वराचे गुहामंदिर आहे. कानडीत ‘गवी’ म्हणजे गुहा. संक्रांतीच्या त्या उतरत्या उन्हाचा एक झोत कमानीतून आत शिरतो, नंदीच्या दोन शिंगांमधून पुढे सरकतो आणि गाभाऱ्यातील शिवलिंगावर जाऊन पडतो. हे पाहण्यासाठी लोटलेली गर्दी मंदिराच्या आवारात मावत नाही.

ह्या सोहळ्यासंबंधी एक गोष्ट मात्र त्या गर्दीतील फार थोड्यांस ठाऊक असते. तोच किरण सुमारे सात आठवडे आधी, नोव्हेंबरच्या अखेरीस, एकदा त्या लिंगाला भेटून गेलेला असतो! त्या वेळी ना रांगा असतात, ना जयघोष. एखाद्या वर्षी तर नेमक्या त्याच सुमारास बसवनगुडीच्या मोठ्या नंदीपुढे कार्तिकातील शेवटच्या सोमवारची भुईमुगाच्या शेंगांची जत्रा, ‘कडलेकाई परिषे’, भरलेली असते. हजारो माणसे शेंगांचे पुडे हाती घेऊन रस्त्याने हिंडत असतात, आणि गुहेतला किरण आपले काम आटोपून मुकाट्याने निघून जातो.

ही दुसरी खेप मोजून दाखविण्याचे श्रेय एका तारांगणाकडे जाते. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू तारालयातील बी. एस. शैलजा आणि त्यांचे दोन सहलेखक यांनी २००८ साली ‘करंट सायन्स’ ह्या नियतकालिकात ह्या मंदिरावर एक लेख प्रसिद्ध केला. जानेवारीच्या १३ ते १६ ह्या तारखांना आणि २६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर ह्या दिवसांत, असा दोनदा सूर्यप्रकाश लिंगापर्यंत पोहोचतो, असे त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे ज्यास तारांगण म्हणतात त्यास कानडीत ‘तारालय’ म्हणतात. शब्द गोड आहे.

आज ह्या सदरात ज्या व्यवसायाची ओळख करून द्यावयाची आहे तो हाच: तारांगणातील शिक्षकाचा. ‘तारांगणात शिक्षक कशाला? तेथे यंत्र आहे, ध्वनिमुद्रित निवेदन आहे,’ असे कोणीही म्हणेल. यंत्र आहे खरे. १९२३ साली म्युनिक येथे झाइस कंपनीने घुमटावर तारे उमटविणारा पहिला प्रक्षेपक दाखविला. आपल्या पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ सालीच तारांगण उभे राहिले, मुंबईत वरळीस १९७७ साली, आणि बंगळूरचे १९८९ साली. तेथील महानगरपालिकेने ते उभारले आणि पुढे विज्ञानशिक्षणासाठी स्थापन झालेल्या एका स्वतंत्र संस्थेकडे त्याचे काम आले. पण यंत्र केवळ आकाश दाखविते. पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा करणे त्यास साधत नाही.

घुमटाखाली काय घडते ते पाहा. शंभर-दीडशे मुले खुर्च्या मागे रेलून बसलेली असतात. दिवे एकदम मालवले, तर लहानग्यांचा एकच गलका होतो. म्हणून जाणता शिक्षक प्रथम सूर्य मावळवितो, संधिप्रकाश हळूहळू विझवितो आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत बोलत राहतो. मग तारे येतात. आता खरी कसोटी. हातातील प्रकाशबाण ताऱ्यावर ठेवून ‘हा ध्रुव’ असे सांगून मोकळे होणे सर्वांत सोपे. चांगला शिक्षक तसे करीत नाही. तो विचारतो, ‘तुमच्या घराच्या गच्चीवरून ध्रुव किती उंचीवर दिसेल?’ कोणी डोक्यावर बोट दाखवितो, कोणी समोरच्या भिंतीकडे. बंगळूर विषुववृत्ताच्या उत्तरेस तेरा अंशांवर आहे, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून तेरा अंशच वर. हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे दहा अंश झाकते. तेव्हा सव्वा मुठीपेक्षा किंचित जास्त. पुण्याच्या मुलास तोच ध्रुव दोन मुठींना थोडा कमी भरेल, नागपूरच्या मुलास दोन मुठींहून किंचित अधिक. एवढे कळले की मूल त्या रात्री गच्चीवर जाऊन मूठ धरून पाहते. तारांगणाचा कार्यक्रम खऱ्या अर्थाने तेथे, घरी, पार पडतो.

ह्या कामास पदार्थविज्ञानाची वा गणिताची पदवी लागते, पदव्युत्तर शिक्षण असल्यास उत्तम. पण तेवढ्याने भागत नाही. बंगळूरात कानडी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत मुलांशी सहज बोलता आले पाहिजे. सकाळी शाळांच्या सहली, दुपारी शिक्षकांचे वर्ग, आकाश निरभ्र असेल त्या रात्री दुर्बीण बाहेर काढणे, आणि ग्रहण आले की कित्येक दिवस विश्रांतीचे नाव नको. ह्याखेरीज तेथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी नेहमीच्या तासांबाहेर पदार्थविज्ञानाचे वर्ग घेतले जातात. ह्या वर्गांविषयी मला विशेष आदर वाटतो. त्यांच्यासाठी उजळलेला घुमट लागत नाही, फळा व खडू पुरतो.

बसवनगुडीस अशा कामाची परंपरा जुनी आहे. तेथील नॅशनल कॉलेजात डॉ. एच. नरसिंहय्या हे पदार्थविज्ञान शिकवीत. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून आलेला हा गांधीवादी मनुष्य आयुष्यभर खादीत वावरला, अविवाहित राहिला आणि विद्यार्थी-वसतिगृहातील खोलीत राहिला. १९६२ साली त्यांनी बंगलोर सायन्स फोरम सुरू केला. दर आठवड्यास एक विज्ञानविषयक व्याख्यान, कोणीही यावे, कोणीही प्रश्न विचारावा. १९७२ ते १९७७ ते बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि त्या काळात त्यांनी चमत्कारांची शास्त्रीय तपासणी करण्यासाठी विद्यापीठातर्फे समिती नेमली. तिच्यावर वादळ उठले ते उठलेच. २००५ साली ते निवर्तले.

आता ह्या व्यवसायातील सर्वांत अवघड जागेकडे येऊ. कार्यक्रम संपल्यावर एखादी आजी नातवाचा हात धरून पुढे येते आणि विचारते, ‘संक्रांतीला सूर्य उत्तरेकडे वळतो ना हो?’ शिक्षकाने काय उत्तर द्यावे? सूर्य वळतो तो २१-२२ डिसेंबरला. संक्रांतीपर्यंत त्याला वळून तीन आठवडे उलटलेले असतात. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकत्र येत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याच्या आसाप्रमाणे अतिमंद गतीने घिरटतो, आणि त्यामुळे ताऱ्यांवरून ठरविलेली संक्रांत सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस ह्या मानाने पुढे सरकत राहिली आहे. पण आजींपुढे हे व्याख्यान झोडून काय उपयोग? जाणता शिक्षक त्यांना विचारील, ‘स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, तारीख आठवते?’ बसवनगुडीत रामकृष्ण मठ १९०४ पासून आहे, तेव्हा तारीख बहुधा आठवतेच: १२ जानेवारी १८६३. ‘आणि आता संक्रांत केव्हा येते?’ चौदाला, कधी पंधराला. आजी क्षणभर थांबतात. ते थांबणे महत्त्वाचे. पुढचे नातवालाही समजावून सांगता येते.

काही वक्ते अशा वेळी रूढीची टिंगल करतात आणि तरुणांच्या टाळ्या घेतात. दुसरे काही ‘आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे सांगून वडीलधाऱ्यांच्या टाळ्या घेतात. मला दोघांचाही कंटाळा आहे, कारण मोजण्याचे कष्ट दोघांनाही नको असतात. गवीपुरातील कोडे तर ह्या दोघांच्याही पंचाईतीचे आहे. थॉमस आणि विल्यम डॅनियल ह्या चित्रकारांनी १७९२ साली ह्या मंदिराची चित्रे काढली. ती आजच्या मंदिराशी ताडून पाहता असे दिसले की त्या वेळी तेथे आजच्याइतकी बांधकामे नव्हती, आणि पूर्वी प्रकाश आत येण्याचे दिवस अयनदिनांशी जुळलेले होते. म्हणजे आज संक्रांतीस किरण ज्या वाटेने येतो, ती वाट पुढच्या काळातील बांधकामाने त्यास आखून दिलेली आहे.

हे सत्य भाविकांसमोर सांगावे की नाही? माझ्या मते सांगावेच. परंतु ते सांगण्याचा अधिकार आधी तेथे उभे राहून, तो उजेड डोळ्यांत साठवून, मग मिळवावा. ज्याने मोजणी केली तो मनुष्य कित्येक सायंकाळी भाविकांइतक्याच आतुरतेने सूर्याची वाट पाहत बसलेला असणार. ढग आले तर दोघांचीही निराशा सारखीच. आणि जुन्या बांधणाऱ्यांना अयनदिन नेमका हेरता येत होता, ही गोष्ट काही कमी अभिमानाची नव्हे.

किरण दोनदा का येतो, हे मुलांना समजावण्यास तारांगणाचा शिक्षक गल्लीचे उदाहरण घेईल. आपण गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरलो, तर प्रत्येक दारावरून दोनदा जातो; टोकाच्या दाराशी मात्र एकदाच. सूर्य २१-२२ डिसेंबरला दक्षिणेच्या टोकाशी पोहोचतो. त्यापूर्वी तेवीस-चोवीस दिवस तो जेथे होता, तेथेच नंतर तितक्याच दिवसांनी पुन्हा येतो. दिनदर्शिका उघडून मोजून पाहावे. शून्यसावलीचा दिवसही असाच दोनदा येतो: बंगळूरात २४-२५ एप्रिल व १८ ऑगस्टच्या आसपास, पुण्यात १३-१४ मे व जुलैच्या अखेरीस. पुण्यात त्या दुसऱ्या दिवशी आकाशात बहुधा पावसाळी ढग असतात, हे त्याचे दुर्दैव.

वाचकहो, ज्यांच्या गावी तारांगण नाही त्यांनी खट्टू होऊ नये. येत्या संक्रांतीस दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडील खिडकीतून येणारे ऊन भिंतीवर जेथे पडेल, तेथे मुलाच्या हाताने पेन्सिलीची खूण करवावी आणि शेजारी घड्याळातील वेळ लिहून ठेवावी. खिडकीची झडप कितपत उघडी होती तेही टिपून ठेवावे, नाही तर पुढे भांडण होईल. मग नोव्हेंबरच्या २८ तारखेस त्याच खिडकीपाशी बसावे. ऊन त्याच खुणेवर येईल. मात्र घड्याळाच्या हिशेबाने सुमारे वीस मिनिटे आधी येईल. जागा तीच आणि वेळ निराळी, हे कसे, असे मूल विचारील. उत्तर ठाऊक नसल्यास तसे सरळ सांगावे, आणि प्रश्न एका कागदावर लिहून पुढच्या सुट्टीत तारांगणाला जाताना बरोबर न्यावा.