ऑर्वेल खरा की हक्स्ले?



या देशात आपली मुले नववी-दहावीत पोहोचली की त्यांच्या दप्तरात काही ठरावीक कादंबऱ्या येतात. जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर', आल्डस हक्स्लेची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', रे ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट ४५१' आणि अलीकडे मार्गारेट अ‍ॅटवुडची 'द हँडमेड्स टेल'. मग निबंध येतो : यांपैकी कोणाचे भाकीत खरे ठरले? मुले जेवताना आपल्याला विचारतात आणि आपण सुशिक्षित मंडळी ऐकीव उत्तर देऊन मोकळे होतो. रस्त्यावरचे कॅमेरे आठवले तर ऑर्वेल, मुलाच्या हातातला फोन दिसला तर हक्स्ले.

हे उत्तर आम्हांला मान्य नाही.

वाद जुना आहे. १९४९ साली ऑर्वेलची कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा खुद्द हक्स्लेने त्याला पत्र लिहून, सत्ताधाऱ्यांना तुरुंग आणि दंडुक्यांपेक्षा मनाला लावलेले वळण अधिक सोयीचे पडेल, असे कळविले होते. १९८५ साली नील पोस्टमन या अमेरिकन लेखकाने हक्स्लेच्या बाजूने कौल दिला. परंतु दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरली आहे. माणूस आज मोकळा आहे आणि उद्या गुलाम होण्याचे भय आहे, ही ती गोष्ट. आमचा प्रश्न एवढाच की, हा मोकळा माणूस कोण?

हक्स्लेची कादंबरी १९३२ ची. तिच्यात माणसे बाटल्यांत वाढतात आणि जन्मापूर्वीच त्यांची जात ठरते. 'जात' हा शब्द आम्ही घुसडलेला नाही, तो हक्स्लेचाच आहे. अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन अशी ही उतरंड. प्रत्येक जातीच्या कपड्यांचा रंग ठरलेला. एप्सिलॉनची बुद्धी वाढू नये म्हणून बाटलीतच त्याचा प्राणवायू कमी केला जातो. डेल्टांच्या आठ महिन्यांच्या बाळांपुढे चित्रांची पुस्तके मांडतात आणि ती रांगत जवळ गेली की कर्कश घंटा आणि विजेचा झटका देतात. पुन्हा पुस्तकाला हात लावायचा नाही!

हे वाचून वर्गातल्या इतर मुलांच्या अंगावर शहारे येतात, कारण त्यांच्या दृष्टीने ही कल्पना आहे. आपल्याकडे हे घडून गेले. सातारच्या शाळेत बाल भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई हजर नसला तर तहान लागूनही पाणी मिळत नसे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यासाठी वीज लागली नाही. गोणपाट पुरले.

तरीही या सर्व लेखकांत हक्स्लेचे माप आम्ही मोठे मानतो, आणि ते एका कारणासाठी. त्याच्या जगात बीटा मुलांना झोपेत पाठ ऐकवतात : अल्फांना फार काम पडते, गॅमा मूर्ख आहेत, डेल्टांशी खेळू नका, आपण बीटा आहोत हे किती बरे! वरच्याविषयी असूया नाही आणि खालच्याविषयी तिरस्कार आहे, म्हणून प्रत्येक जण आपल्या पायरीवर समाधानी. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे मर्म या इंग्रजाला नेमके सापडले होते. १९२५-२६ साली तो हिंदुस्थानात हिंडून गेला होता. त्याच्या कादंबरीतील गुंगी आणणाऱ्या गोळीचे नावही वेदांतील 'सोम' आहे.

त्याच कादंबरीत जगाचा नियंत्रक मुस्तफा माँड एका प्रयोगाची हकिगत सांगतो. सायप्रस बेटावर बावीस हजार अल्फांना एकटे वसविले. हलकी कामे कोणी करीना, शेवटी यादवी झाली. निष्कर्ष काय, तर समाजाला खालचे लोक लागतातच. हा युक्तिवाद आपण कुठे ऐकला आहे? 'मग ती कामे कोण करणार?' असे विचारणारे शेजारी आपल्याला मुंबई-नागपुरातही भेटले आणि इथल्या स्नेहसंमेलनांतही भेटतात. १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी माँडला आगाऊ उत्तर देऊन ठेवले आहे : ही श्रमाची विभागणी नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे.

हक्स्ले चुकला तो यंत्रांच्या बाबतीत. त्याला प्रयोगशाळा लागली, झोपेतले पाठ लागले, गोळ्या लागल्या. आपल्या मायदेशात रोटी-बेटीचे निर्बंध, धर्मशास्त्राचा शिक्का आणि गावकुसाबाहेरची वस्ती एवढ्यावर सगळे भागले.

ऑर्वेलची चूक याहून मोठी आहे. त्याच्या कादंबरीत विन्स्टनच्या हाती एक निषिद्ध ग्रंथ येतो. त्यात म्हटले आहे की वंशपरंपरेची सत्ता अल्पायुषी ठरते. खरी टिकतात ती बाहेरून माणसे निवडून घेणारी संघटने. ग्रंथ कादंबरीतला आहे, तेव्हा ते सर्वस्वी ऑर्वेलचे मत धरू नये, हे खरे. पण हे लिहिणारा माणूस १९०३ साली बिहारमध्ये मोतिहारीत जन्मला होता, त्याचे वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते, आणि जन्मावर ठरलेली सत्ता शेकडो पिढ्या कशी टिकते याचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण त्याच्या जन्मगावाच्या अंगणात उभे होते. ते या ग्रंथात कुठेच येत नाही.

मात्र शब्दांच्या बाबतीत ऑर्वेलइतका खरा दुसरा कोणी नाही. शब्द नाहीसा केला की त्याविषयी विचार करणेही अशक्य होते, हे त्याने दाखविले. २००५-०६ साली कॅलिफोर्नियात सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकांतील जातिव्यवस्थेविषयीचा मजकूर गाळावा वा सौम्य करावा, अशा सूचना काही हिंदू संघटनांनी केल्या. अभ्यासक आणि दलित संघटना विरोधात उभ्या राहिल्या, आणि वादग्रस्त सूचनांपैकी बऱ्याचशा राज्य मंडळाने नाकारल्या. २०१६ साली वाद पुन्हा पेटला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तसेच विधेयक गव्हर्नरांनी, सध्याचे कायदे पुरेसे आहेत असे सांगून, परत पाठविले. म्हणजे भेदभाव निषिद्ध, पण त्याचे नाव कायद्यात नको!

ब्रॅडबरीच्या १९५३ च्या कादंबरीत बंबवाले पुस्तके जाळतात. ती वाचून मुले विचारतात, 'मग २५ डिसेंबर १९२७ ला महाडला आपणही पुस्तक जाळलेच ना?' या प्रश्नाने गडबडून जाऊ नये. ब्रॅडबरीचे बंबवाले सत्तेचे नोकर आहेत आणि लोकांनी वाचूच नये म्हणून जाळतात. महाडला जाळणारे सत्ताहीन होते आणि ज्यांना वाचनाचा अधिकार नाकारला त्यांच्या वतीने त्यांनी एका ग्रंथाची होळी केली. बाबासाहेबांनी मनुस्मृती बारकाईने अभ्यासली होती, आणि ग्रंथांसाठी त्यांनी दादरला 'राजगृह' बांधले.

अ‍ॅटवुड यांनी एक नियम पाळला : इतिहासात कुठे ना कुठे घडले नाही असे काहीही आपल्या कादंबरीत घालायचे नाही. आमच्या मते या चौघांत प्रामाणिक पद्धत हीच. दुःस्वप्न पुढे शोधण्याऐवजी त्यांनी मागे शोधले.

आता कटू बोलणे भाग आहे. इथे जन्मलेल्या मुलांना जात सांगायचीच नाही, त्यांची पाटी कोरी राहू द्यावी, असे म्हणणारी घरे आपल्यात वाढत आहेत. आडनाव बदलले, आजीचे गाव सांगायचे नाही, जयंतीला मुलांना आणायचे नाही. ऑर्वेलच्या कादंबरीत नकोसे कागद जाळायला भिंतीत भोके असतात. ते काम सरकार करते. आपण ते स्वतःच्या बैठकीच्या खोलीत करतो आहोत, आणि त्याला मुलाचे सुख म्हणतो आहोत. मुलाला मात्र विद्यापीठात पहिल्याच महिन्यात कोणीतरी 'तुमचे मूळ आडनाव काय?' असे विचारतो, आणि उत्तर द्यायला त्याच्याजवळ शब्द नसतात.

जाता जाता आणखी एक. ज्या १९४९ मध्ये 'मोठा भाऊ' कादंबरीत अवतरला, त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला बाबासाहेबांनी संविधान सभेत राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. आपल्या सभांत तसबिरीला हार घालण्यात जितका वेळ जातो, तितका ते भाषण वाचण्यात जात नाही.

तेव्हा या वर्षी मुलाचा निबंध आला की आधी मायदेशी आजीला फोन लावा आणि पाणी कोठून आणायची, शाळेत कुठे बसायची, हे तिला विचारायला मुलालाच सांगा. ते उत्तर निबंधात हक्स्लेच्या शेजारी जाऊ द्या. काही पालकांना भीती वाटते की शिक्षिकेला हे विषयांतर वाटेल आणि गुण कमी होतील. तसे झाले तर कळवा. शाळेत भेटायला आम्ही बरोबर येऊ.