दुसऱ्या कानाचा जामीन
स्वीडनचे शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली मांडलेली रेडिओसर्जरी, जिच्या गामा नाइफ यंत्रात कोबाल्टच्या सुमारे २०० किरणशलाका कवटी न उघडता एका बिंदूवर एकवटतात, श्रवणनाडीवरील एकाकी गाठीस बहुधा आवर घालते हे निर्विवाद आहे. परंतु २२ व्या गुणसूत्रातील दोषामुळे ज्यांच्या दोन्ही श्रवणनाड्यांवर, तेही पुष्कळदा ऐन तारुण्यात, गाठी उद्भवतात, त्या एनएफ-२ या विकाराच्या रुग्णांस तोच न्याय सरसकट लावणे मला गैरवाजवी वाटते. त्यांच्या गाठी किरणांस तितकीशी दाद देत नाहीत, वाचलेले श्रवण पुढे अनेकदा ओसरते, आणि क्वचित का होईना, गाठीने कर्करोगाचे रूप घेण्याचा धोकाही त्यांच्यात अधिक असतो. (एका कानाने बहिरा झालेला मनुष्य फोन दुसऱ्या कानाला लावतो, यांना तो दुसरा कानही जामीन राहत नाही.) म्हणून मस्तिष्कस्तंभावर दाब नसेल आणि गाठ स्थिर असेल, तोवर नियमित एमआरआय व श्रवणचाचणी यांवर भिस्त ठेवावी, आणि चांगल्या कानाच्या बाजूस हात घालण्याची घाई करू नये. किरणांनी गाठ नाहीशी होत नाही, फार तर तिची वाढ खुंटते किंवा ती काहीशी आकसते, एवढे तरी संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी डॉक्टरांनी रुग्णास त्याच्या भाषेत सांगावे.