दुसरी खुर्ची

मालकाच्या गादीवरून उतरून पुन्हा मुनिमाच्या जागी बसणे माणसाला जड जाते. अमेरिकन फुटबॉलमधील डिक लेबो यांनी ते पासष्टी गाठल्यावर केले, आणि त्यांचे सर्वोत्तम काम त्यानंतरच झाले.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. त्यात चेंडू बहुतांशी हातांनीच खेळतात. चढाईचे आणि बचावाचे खेळाडू वेगळे, त्यांचे प्रशिक्षकही वेगळे. ओहायो राज्यातील लंडन या गावी १९३७ साली जन्मलेले लेबो बचावाच्या बाजूचे. १९५९ मध्ये क्लीव्हलंडच्या संघाने त्यांना निवडले आणि हंगामापूर्वीच नारळ दिला. डेट्रॉइटने मात्र ठेवून घेतले. तेथे ते १४ हंगाम खेळले आणि प्रतिपक्षाने फेकलेले ६२ चेंडू त्यांनी मध्येच हस्तगत केले.

१९७३ पासून ते प्रशिक्षक झाले. ऐंशीच्या दशकात सिनसिनाटी येथे त्यांच्यापुढे एक जुना पेच होता. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर अधिक गडी सोडावेत तर मागचे मैदान उघडे पडते. न सोडावेत तर तो निवांतपणे नेम धरतो. लेबोंनी बिल आर्न्सपार्गर या जाणत्या प्रशिक्षकाचा सल्ला घेतला आणि तोडगा काढला. पुढच्या फळीतील जो धिप्पाड गडी अंगावर येणार असे वाटते, तो ऐनवेळी मागे सरकून जागा राखतो. धावून येतो भलताच कोणी. माणसे तेवढीच, अंदाज मात्र चुकतो. ‘झोन ब्लिट्झ’ नावाची ही युक्ती हिशेबी माणसाला आवडावी अशीच आहे.

२००० साली सिनसिनाटीनेच त्यांना मुख्य प्रशिक्षक केले. ४५ सामन्यांत विजय १२, पराभव ३३. २००२ च्या हंगामानंतर त्यांना दूर करण्यात आले. पुढच्याच वर्षी ते बफेलोत साहाय्यक म्हणून रुजू झाले आणि २००४ मध्ये पिट्सबर्गचा बचाव त्यांच्या हाती आला. २००७ साली तेथे मुख्य प्रशिक्षक म्हणून आले माइक टॉमलिन, वय ३४. लेबो ६९ वर्षांचे होते. टॉमलिन निराळ्या बचावपद्धतीत वाढलेले. तरीही त्यांनी ज्येष्ठाने बसवलेली घडी मोडली नाही. श्रेय त्यांचेही आहे.

२००८ च्या हंगामात सर्वांत कमी गुण पिट्सबर्गने दिले. फेब्रुवारी २००९ मधील सुपर बोलमध्ये ॲरिझोनाचा संघ गोलरेषेपासून एका यार्डावर येऊन ठेपला होता. आखणीप्रमाणे जेम्स हॅरिसन यांनी अंगावर धावून जायचे होते. ते स्वतःच्या अंदाजाने मागे थबकले, फेकलेला चेंडू त्यांच्या हातात आला, आणि तो घेऊन ते १०० यार्ड धावले. पिट्सबर्गने सामना २७-२३ असा जिंकला. शिष्याने गुरूची युक्ती अशी अंगी मुरवलेली क्वचितच दिसते.

खेळाडूंचा त्यांच्यावर जीव होता. २००७ मध्ये कँटन येथील सन्मानदालनाच्या सामन्यासाठी जाताना पिट्सबर्गच्या खेळाडूंनी लेबोंचा डेट्रॉइटमधला ४४ क्रमांकाचा सदरा अंगात घातला होता. १९७२ साली निवृत्त झालेल्या या खेळाडूला त्या सन्मानदालनाने २०१० मध्ये आत घेतले. लेबो तेव्हाही पिट्सबर्गच्या बचावाचेच काम पाहत होते.