पुस्तक कीं पुरावा?

‘अलीकडचें काय वाचावें?’ असें स्नेही आम्हांस विचारतात. उत्तर देणें धोक्याचें झालें आहे. कोरेगांव भीमा येथील 2018 च्या दंगलीनंतरच्या खटल्यांत, व्हर्नन गोन्साल्विस यांच्या घरीं सांपडलेल्या ‘वॉर अँड पीस’ची चर्चा 2019 सालीं मुंबई उच्च न्यायालयांत झाली. टॉल्स्टॉय संशयित ठरला म्हणून सुशिक्षित मंडळी हंसली; पुस्तक विश्वजित रॉय यांचें, जंगलमहालाविषयींचें निघतांच हंसूं मावळलें. म्हणजे टॉल्स्टॉय निर्दोष आणि रॉय गुन्हेगार? आमचा वाद या मंडळींशींच आहे. केवळ असें साहित्य बाळगणें हा दहशतवादाचा गुन्हा नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें 2023 सालीं सांगितलें. तोंवर गोन्साल्विस यांचीं जवळजवळ पांच वर्षें तुरुंगांत गेलीं. रॉय यांचें पुस्तक घरांत राजरोस ठेवावें, मुलांदेखत वाचावें, न पटल्यास खोडून काढावें. चैतन्य ताम्हाणे यांचा 2014 चा ‘कोर्ट’ही पाहावा, तेथें खटला एका गाण्यावर चालतो.