‘नंतर’ आणि ‘म्हणून’



पावसाळ्याच्या तोंडी आम्ही जसोंडीस गेलो होतो. दोन दिवसांपूर्वीच्या वादळाने केळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. ओसरीवर जमलेल्या मुलांपैकी नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा आम्हांस म्हणाला, “फादर, बाबा त्या रविवारी मिस्साला आले नाहीत, म्हणून आमची केळी पडली.” त्याचे वडील मान खाली घालून उभे होते.

आम्हांस क्षणभर उत्तर सुचेना. मिस्सा चुकवू नये, असे आम्हीच तर शिकवितो! अखेर आम्ही मुलांना एक गोष्ट सांगावयास घेतली.

वादळी रात्री एक वाघ म्हातारीच्या झोपडीच्या भिंतीआड दडला. आत छप्पर गळत होते. म्हातारी वैतागून म्हणाली, वाघाचेही इतके भय नाही, जितके या टिपटिपीचे आहे. वाघाने ते ऐकले व टिपटिप हा कोणी भयंकर प्राणी असावा, असे समजून तो गारठला. इतक्यात हरवलेले गाढव शोधीत एक कुंभार आला. अंधारात त्याने वाघालाच गाढव समजून बडविले आणि घरी नेऊन खुंट्यास बांधले. वाघास वाटले, हीच ती टिपटिप! (कुंभार ताडी प्यालेला होता, हे आम्ही मुलांपासून लपविले नाही, तेही एक कारणच आहे.)

ही कथा १८६८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या मेरी फ्रिअर यांच्या ‘ओल्ड डेक्कन डेज’ या संग्रहात आहे. त्यातील कथा सांगणारी आन्ना लिबेराता डिसोझा ही ख्रिस्ती आया होती आणि तिला त्या आजीने सांगितल्या होत्या. आपल्या घरांतील आज्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

गोष्टीत कोण कोण आहे, ती कोठे घडते, अडचण कोणती, हे मुलांनी भराभर सांगितले. मग आम्ही एकेक दुवा काढून पाहू लागलो. पाऊस नसता तर? छप्पर गळले नसते, म्हातारी बोलली नसती, वाघ भ्याला नसता. म्हातारीने रात्री भाकरीऐवजी भात खाल्ला असता तर? मुले हसली. “त्याने काय होते?” कारण आणि नुसता मागचा प्रसंग यांतील भेद त्यांस असा उमगला. घरी गोष्ट सांगताना “पुढे काय झाले?” एवढेच न विचारता “हे नसते तर काय झाले असते?” असेही विचारावे.

मग आम्ही त्या मुलाकडे वळलो. “शेजारचे सारे कुटुंब रविवारी मिस्साला होते ना? त्यांची बाग?” तो थोडा थांबून म्हणाला, “तीही पडली.” “मग?” “वारा दोघांकडे आला.”

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, हे प्रभू येशूने लोकांस बजाविले होते. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात ते आहे. आम्ही तो प्रसंग मुलांना सांगितला, पण खरे पाहता तो त्या वडिलांसाठी होता. मिस्साविषयी त्यांच्याशी आम्ही निराळे बोललो, आणि केळीचा विषय त्यात येऊ दिला नाही.

निघताना एका लहान मुलीने आम्हांस अडविले. “फादर, त्या म्हातारीचे छप्पर मग कोणी शाकारले?”

गोष्टीत ते कोठेच आलेले नाही.